जुनें यंत्र टाकण्यापूर्वीं

गतवर्षींच्या अंकांतील मराठी विभाग पाहून कित्येक पालकांनीं आम्हांस विचारिलें कीं, यंदा मुलांनीं लेख लिहिलेच नाहींत काय? लिहिले होते. आठवी ते दहावीच्या मुलामुलींनीं मिळून एकवीस लेख व नऊ कविता दिल्या होत्या, आणि छापून आले ते सात लेख व दोन कविता. बाकीचें साहित्य कोठें गेलें याचा हिशेब देणें आमचें कर्तव्य आहे. कारण तें आमच्याच हातून गेलें.

शिक्षकांच्या खोलींतील ज्या संगणकावर आम्ही तें साहित्य उतरवून घेत होतों, तो सुमारें तेरा वर्षांचा आहे. दिवाळीच्या सुटीनंतर त्याच्या पडद्यावर वारंवार एक चौकट दिसूं लागली. मेमरी अपुरी पडत आहे, कांहीं प्रोग्राम बंद करा, असा तिचा आशय असे. जेवतांना ताटावरची माशी हांकलावी त्याप्रमाणें आम्ही ती चौकट बंद करीत असूं व पुढील ओळ टंकीत असूं. असे सहा आठवडे गेले. मग एके दिवशीं सकाळीं यंत्र सुरूच होईना. कंपनीचें चिन्ह दिसावें, पडदा काळा व्हावा, पुन्हा चिन्ह दिसावें, असें चालूं झालें. अंक छापखान्यांत देण्यास चार दिवस उरले होते. घाईनें एक कारागीर बोलाविला. "आंत कांहीं ठेवावयाचें आहे काय?" असें त्यानें स्पष्ट विचारिलें, आणि सर्व लेख पेनड्राइव्हवर आहेत अशा समजुतीनें आम्ही "नाहीं" म्हणून मोकळे झालों. त्यानें डिस्क पुसून विंडोज नव्यानें बसविलें. यंत्र चालूं लागलें. पेनड्राइव्ह उघडून पाहिला तेव्हां त्यांत नऊच फाइली होत्या.

गेलेल्या साहित्यांत आठवींतील एका मुलीनें आपल्या आजीच्या तोंडून ऐकून आणिलेल्या अहिराणी ओव्या होत्या. वहीच्या फाटक्या पानांवर तिनें त्या लिहिल्या होत्या. तिला शेजारीं बसवून, शब्द विचारीत विचारीत, आम्हींच त्या टंकिल्या आणि पानें तेथेंच केराच्या टोपलींत गेलीं. हें सर्व कळल्यावर तिनें आजीस पुन्हा विचारावयाचें ठरविलें. आजी पौषांत वारली.

या प्रकरणीं सर्वांत मोठी चूक कोणती, याचा आम्हीं पुष्कळ विचार केला. यंत्र जुनें होतें ही चूक नव्हे. यंत्र सहा आठवडे आमच्याशीं बोलत होतें आणि आम्ही ऐकत नव्हतों, ही ती चूक. ज्या घरांत जुना संगणक आहे अशा पालकांसाठीं व ज्यांच्या हातांत तो दिवसभर असतो अशा मुलांसाठीं, तें काय बोलत होतें हें येथें थोडें विस्तारानें सांगतों.

संगणकाची स्मृति दोन प्रकारची असते, आणि घोटाळा येथूनच सुरू होतो. आमच्या खानदेशांतील शेतकऱ्यास खळें व कोठार यांतील भेद सांगावा लागत नाहीं. कोठारांत धान्य वर्षभर राहतें. खळ्यावर जें आज मळावयाचें तेंच पसरतात. संगणकाची हार्ड डिस्क हें कोठार होय व रॅम हें खळें. कोणताहि प्रोग्राम चालावयाचा म्हणजे तो कोठारांतून आणून खळ्यावर पसरावा लागतो. वीज गेली कीं हें खळें आपोआप झाडून स्वच्छ होतें. जें कोठारांत पोंचविलें नसेल तें गेलें. आतां खळें लहान व पसारा मोठा असेल तर यंत्र काय करतें? जो माल आतां लगेच नको, तो उचलून कोठाराच्या एका कोपऱ्यांत नेऊन ठेवतें आणि लागेल तेव्हां परत आणतें. या कोपऱ्यास पेज फाइल म्हणतात. या नेआणीमुळेंच जुनें यंत्र रांगूं लागतें व त्याच्या डिस्कचा दिवा सारखा लुकलुकत असतो. पुढें खळेंहि भरलें आणि तो कोपराहि भरत आला, म्हणजे मग ती चौकट दिसते. याचा अर्थ असा कीं, ती चौकट ही पहिली सूचना नसून बहुधा शेवटची असते. पहिली सूचना यंत्र मंद चालूं लागलें तेव्हांच मिळालेली असते.

स्मृतीच्या या दोन प्रकारांविषयीं बोलतांना आम्हांस आमच्याच जिल्ह्यांतील एका बाईची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. जळगांवजवळच्या आसोद्यास १८८० सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. शेतांत व घरकामांत त्या ज्या ओव्या रचीत त्या त्यांच्या मुखीं असत. त्यांचे पुत्र कवि सोपानदेव व घरांतील दुसरा एक तरुण यांनीं त्यांतील कांहीं लिहून ठेविल्या. बहिणाबाई १९५१ सालीं वारल्या आणि त्यांचा संग्रह १९५२ सालीं छापून निघाला. जळगांवच्या विद्यापीठास २०१८ सालीं त्यांचें नांव देण्यांत आलें. जें वहींत उतरलें तेंच आज आपणांपुढें आहे. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळांत शतकांपूर्वींचे कागद आजहि वाचतां येतात आणि आमच्या शाळेंतील गेल्या वर्षींच्या ओव्या वाचतां येत नाहींत, ही गोष्ट आम्हांस फार लागली.

असो. चौकट दिसली तर करावें काय? प्रथम, जें लिहिलें असेल तें लगेच साठवावें व त्याची दुसरी प्रत यंत्राबाहेर काढावी. बाकी सर्व त्यानंतर. मग कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा. कोणता प्रोग्राम किती मेमरी अडवून बसला आहे याची यादी तेथें दिसते. बहुतेक घरांत तो प्रोग्राम म्हणजे ब्राउझर असतो व त्यांत तीस-चाळीस पानें उघडीं असतात. त्याच ठिकाणीं स्टार्टअप या नांवाचा एक भाग आहे. यंत्र सुरू होतांच न बोलावतां जे येऊन बसतात त्या प्रोग्रामांचीं नांवें तेथें असतात. ज्यांची गरज नाहीं त्यांना तेथेंच अटकाव करतां येतो. तिसरें असें कीं, सी ड्राइव्ह कांठोकांठ भरला असेल तर पेज फाइलला वाढावयास जागाच उरत नाहीं. तेव्हां लग्नाचे व्हिडिओ व उतरवून घेतलेले सिनेमे दुसरीकडे हलवावे. कोणीतरी वेग वाढविण्याचा उपाय म्हणून पेज फाइल बंद करावयास सांगतो. तसें मुळींच करूं नये, तिचें प्रमाण विंडोजकडेच सोंपवावें. एखाद्या प्रोग्रामचा वाटा काम न करतां तासातासानें वाढतच असेल तर दोष त्या प्रोग्रामांत आहे, किंवा आंत व्हायरस शिरला आहे, असें समजावें. इतकें करूनहि भागलें नाहीं तरच खळें मोठें करावें, म्हणजे रॅम विकत घ्यावी. परंतु विकत घेण्यापूर्वीं आपल्या यंत्रांत डीडीआर-२ बसते, डीडीआर-३ बसते कीं डीडीआर-४, हें पाहून घ्यावें, कारण एकीच्या खांचेंत दुसरी बसत नाहीं. तसेंच ३२ बिटांचें विंडोज असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम विकत घेणें म्हणजे लहान कणगींत मोठें पीक ओतणें होय.

यंत्र मुळींच सुरू होत नाहीं, हा दुसरा रोग. तो पहिल्यापेक्षां भयंकर दिसतो, परंतु पुष्कळ वेळां त्याहून स्वस्त असतो.

गेल्या उन्हाळ्यांत पारोळें तालुक्यांतील एका खेड्याचे पालक आपल्या मुलीचा संगणक गोणपाटांत गुंडाळून एस. टी.नें शाळेंत घेऊन आले. एका दुकानांत त्यांना मदरबोर्ड जळाला, नवीन संगणकच घ्या, असें सांगण्यांत आलें होतें, आणि कापसाच्या पुढील हंगामावर उचल घेऊन तो घ्यावा कीं काय, या विचारांत ते होते. आम्हांस पाहतांच त्यांनीं विचारिलें, "हाई मरी गयं का काय, सर?" आम्हांस ठाऊक नव्हतें. परंतु ओव्यांच्या प्रकरणानंतर आम्हीं दहावीच्या पांच मुलांना घेऊन शनिवारीं दुपारीं यंत्रें उघडून पाहण्याचा परिपाठ ठेविला होता. आम्ही म्हणालों, "भाऊ, बसा. आधीं उघडून पाहूं."

मुलांनीं प्रथम वीज तोडली व पेटीच्या लोखंडास हात लावून मग झांकण काढलें. (अंगांतील स्थिर विद्युत् चिपांना मारक होते, म्हणून हा हात लावावयाचा. आणि वीजपुरवठ्याची जी स्वतंत्र डबी आंत असते ती मात्र वीज तोडल्यावरहि कोणीं उघडूं नये. तिच्यांत विद्युत् सांठून राहिलेली असते.) आंत पंख्याच्या पात्यांवर कापसाच्या तंतूंचा व काळ्या धुळीचा नमदा बसला होता. मे महिन्यांत ज्या मुलखांत पारा ४५ अंशांच्या वर चढतो, तेथें गुदमरलेला पंखा यंत्रास काय मदत करणार! पात्यांस बोटानें अडवून मऊ कुंचल्यानें धूळ काढली. यंत्र सुरू केलें तेव्हां पंखा फिरला, पण पडद्यावर कांहीं नाहीं. नुसता बीप, बीप असा आवाज. हा आवाज निरर्थक नसतो. सुरू होतांना यंत्र आपलीं अंगें स्वतः तपासतें आणि पडदा उजळण्यापूर्वींच दोष आढळला तर अशा आवाजांनीं सांगतें; आवाजांचा अर्थ मदरबोर्डाच्या पुस्तकांत दिलेला असतो. येथें तो रॅमविषयीं होता. मुलांनीं रॅमची पट्टी खांचेंतून काढली, तिच्या सोनेरी दांतांवरून शाईचा नव्हे तर शिसपेन्सिलीचा रबर हळूच फिरविला, कण फुंकून न टाकतां कुंचल्यानें झाडले, आणि दोन्ही बाजूंचे चाप "कट्" असे वाजेपर्यंत ती पट्टी पुन्हा दाबून बसविली. पडदा उजळला.

परंतु काम संपलें नव्हतें. यंत्र कित्येक वर्षांपूर्वींची तारीख दाखवीत होतें व पुढें जावयास तयार नव्हतें. मदरबोर्डावर रुपयाएवढी एक चपटी बॅटरी असते. तिच्यावर सीआर २०३२ असा आंकडा असतो. घड्याळ व सुरू होण्याच्या नोंदी ती जपते. ती संपली होती. बाजारांत ती दोन कप चहाच्या पैशांत मिळते. नवी बॅटरी घातली, तारीख लाविली, आणि यंत्र कोणत्या डिस्कपासून सुरू व्हावें हें पुन्हा नेमून दिलें. विंडोज उघडलें. त्या गृहस्थांनीं कांहीं वेळ पडद्याकडे पाहिलें व मग आपल्या मुलीच्या वर्गांतील त्या पांच मुलांना त्यांनीं एकदम 'अहोजाहो' करण्यास सुरुवात केली, याची आम्हांस मौज वाटली.

प्रत्येक यंत्र असें उठून बसत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येत असेल तर ती शेवटच्या घटका मोजीत आहे. दुरुस्तीची खटपट सोडून आधीं आंतील मजकूर बाहेर काढावा. मदरबोर्डावरील लहान नळकांडीं माथ्यावर फुगलीं असतील किंवा पाझरलीं असतील तर तें काम चांगल्या कारागिराचें आहे. जळगांवच्या गोलाणी मार्केटांत असे हुशार हात आहेत. दहा मिनिटें चालून यंत्र आपोआप बंद पडत असेल तर बहुधा उष्णतेचा दोष. "बूट डिव्हाइस नाहीं" असें म्हणत असेल तर घाबरण्यापूर्वीं पेनड्राइव्ह तसाच खोंचून राहिला आहे काय, हें पाहावें. आमच्या शनिवारच्या वर्गांत दोन संगणक केवळ पेनड्राइव्ह काढल्यानें 'बरे' झाले आहेत.

कोणी म्हणेल कीं हें गरिबांचें व जुन्या यंत्रांचें शास्त्र झालें. त्यांना आम्ही मंगळ ग्रहावरील एक हकीकत सांगतों. अमेरिकेच्या नासा या संस्थेचें 'स्पिरिट' नांवाचें सहाचाकी यंत्र ४ जानेवारी २००४ रोजीं मंगळावर उतरलें. २१ जानेवारीस त्याचें बोलणें बंद पडलें. तें सुरू होई, बंद पडे, पुन्हा सुरू होई. रात्रीं झोंपेनासें झालें व बॅटरी उतरूं लागली. पृथ्वीवरील यंत्रज्ञांनीं कसून शोध घेतला तेव्हां कारण आढळलें तें हें कीं, त्याच्या कायमच्या स्मृतींत, म्हणजे कोठारांत, प्रवासांतल्या दिवसांपासूनच्या फाइलींची इतकी गर्दी झाली होती कीं, त्यांची नुसती यादी उघडावयास खळें पुरेना. सुरू होतांना ती यादी उघडावयाची, जागा संपावयाची, आणि यंत्रानें पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावयाचा! त्याची रॅम होती १२८ मेगाबाइट. आज ज्या साध्या मोबाइलांत ४ जीबी असते त्याच्या बत्तिसाव्या हिश्शाइतकी. हात लावावयास तेथें कोणी नव्हतें. नवें घ्या असें सांगावयास दुकानहि नव्हतें. यंत्रज्ञांनीं त्याला कोठार न उघडतांच सुरू होण्याची आज्ञा पाठविली, मग नको त्या फाइली काढून टाकल्या, व फेब्रुवारींत तें कोठार साफ पुसून घेतलें. ज्या यंत्राकडून नव्वद दिवसांच्या कामाची अपेक्षा होती, त्याचा शेवटचा संदेश २२ मार्च २०१० रोजीं आला. डोकें जागेवर ठेवून रोगाचें निदान करणें हें मोठ्या संस्थांचें शास्त्र आहे, आणि तेंच गोणपाटांतल्या संगणकालाहि लागतें.

आतां आमचें मत. आमच्या मुलांस इनपुट व आउटपुट यांच्या व्याख्या पाठ येतात, परंतु ज्या रॅमविषयीं ते दोन गुणांचें उत्तर लिहितात ती त्यांतील बहुतेकांनीं हातांत धरलेली नसते. बेडकाचें चित्र काढावयास लावून जीवशास्त्र शिकविण्यासारखेंच हें आहे. आठवड्यांतून एक तास यंत्राचें झांकण काढून शिकविण्यास द्यावा, असें आमचें शाळेकडे मागणें आहे. परीक्षेंत हें येत नाहीं, अशी कांहीं पालकांची तक्रार आम्हांपर्यंत आली आहे. परीक्षेंत येत नाहीं हें खरें. परंतु परीक्षेंत येत नाहीं म्हणून आपण मुलांस पोहावयास शिकवीत नाहीं काय? केरळांतील शिक्षक आमच्याहून पुढें गेले. तेथें 'आयटी अ‍ॅट स्कूल' हा उपक्रम २००१ सालीं निघाला, २०१७ सालीं त्याचें 'काइट' झालें, व २०१८ सालापासून तेथील हायस्कुलांत 'लिटल काइट्स' या नांवानें मुलांचींच मंडळें चालतात. शाळेंतील संगणकांची निगा राखण्यास हीं मुलें हातभार लावितात.

केरळच्या शाळांतील संगणक लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालतात, आणि याचाहि आपणांस आज विचार करावयास हवा. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० साठीं नेहमींच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या देणें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविलें. आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नांवाची सुरक्षा-सोय व साधारणतः २०१७ च्या अखेरच्या सुमाराचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो, म्हणून पुष्कळ धडधाकट यंत्रें एका तारखेनें 'म्हातारीं' ठरलीं. यंत्र त्या दिवशीं मेलें नाहीं, हें पालकांनीं ध्यानांत घ्यावें. मात्र दुरुस्त्या न मिळणाऱ्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार करणेंहि शहाणपणाचें नव्हे. लिनक्सचे कांहीं हलके प्रकार २ जीबी रॅमवरहि चालतात, त्यांत मराठी टंकतां येतें, आणि त्यांस पैसे पडत नाहींत. आमच्या शनिवारच्या वर्गानें तीन यंत्रांवर तसा प्रयोग केला. दोन उत्तम चालतात. तिसऱ्यावर छपाईचें यंत्र अद्याप जुळत नाहीं व त्यावर दोन मुलें हट्टानें बसलीं आहेत.

आणि जें खरोखरच संपलें असेल तें? तें भंगारवाल्यास देऊन तारा जाळूं देऊं नयेत. विजेच्या व संगणकाच्या कचऱ्याविषयींचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. असा माल नोंदणी झालेल्या पुनर्वापर करणाऱ्यांकडेच गेला पाहिजे. त्यापूर्वीं त्यांतील चांगली रॅम, पंखा, तारा आमच्याकडे आल्या तर त्यांचा उपयोग होईल.

यंदाच्या अंकाचें साहित्य आम्हीं शाळेच्या संगणकावर, एका वेगळ्या डिस्कवर व लेखनिकांच्या कपाटांत कागदावर असें तीन ठिकाणीं ठेविलें आहे. मुलांचीं मूळ पानें फायलींत आहेत. त्या मुलीच्या मावशीस आजीच्या ओव्यांपैकीं सहा आठवल्या. मुलीनें त्या पुन्हा लिहून आणिल्या आहेत व या लेखापुढील पानावर त्या दिल्या आहेत. ज्या पालकांचा जुना संगणक बंद पडला असेल त्यांनीं तो कोणत्याहि शनिवारीं दुपारीं दोन वाजल्यानंतर, वीजेच्या वायरीसह, शाळेंत आणावा. पासवर्ड मुलानें विसरूं नये.